रंगूबाईंचा चेहरा आणि माझी इतर मालमत्ता

मी, ऋजुता सुधीर टिपणीस, वय बत्तीस वर्षे, व्यवसाय जुनी चित्रे दुरुस्त करणे, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे, कारण नुसत्या माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. भीती मात्र वाटते आहे. भीती हा दबाव धरतात का, असे मी माझे वकील आणि मामेभाऊ विनीत गुप्ते यांना विचारले. ते म्हणाले, "अगं, भीती वाटत नसती तर माझ्याकडे कोण आलं असतं?"

याआधी दिनांक १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का रद्द केले ते कलम पाचमध्ये लिहिले आहे.

माझ्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने खराब झाली आहे. मंगळवार, १८ नोव्हेंबर रोजी ठाण्यातील एका रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया होईल. झडप दुरुस्त करायची की काढून नवी बसवायची, हे छाती उघडल्यावर ठरेल. जे ठरेल त्याचे कारण लिहून ठेवा, असे मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी विचारले, "तुम्ही इन्शुरन्समध्ये आहात का?" मी म्हटले, नाही, मी चित्रांमध्ये आहे.

कलम १. घर

ठाकुर्लीच्या सदनिकेत निम्मा हिस्सा माझा आणि निम्मा माझी आई श्रीमती मंदाकिनी टिपणीस हिचा आहे. माझा हिस्सा आईला द्यावा. मी अविवाहित आहे, मला मूल नाही. माझा मोठा भाऊ केदार पुण्यात असतो. त्याला या घराची गरज नाही आणि त्याने ते कधी मागितलेले नाही. हे त्याच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या कलमात त्याच्याविरुद्ध लिहायचे आहे.

कलम २. बाबांचा फोटो

माझे वडील कै. सुधीर टिपणीस डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात जुनी चित्रे दुरुस्त करत. हे काम मी त्यांच्याकडेच शिकले, कुठल्या कॉलेजात नाही. २०१६ साली ते गेले. वर्षश्राद्धाला केदारने त्यांचा फोटो मोठा करून आणला. त्यात त्यांच्या वरच्या ओठावरचा व्रण नव्हता.

"व्रण कुठे गेला?" मी विचारले.

"स्टुडिओवाल्याने काढला. फुकट केलं त्याने. छान दिसतायत ना बाबा?"

"हे बाबा नाहीत."

"ऋजू, आजच्या दिवशी तरी नको ना सुरू करूस."

मी त्या दिवशी जेवले नाही. त्यानंतर आम्ही दोघे या विषयावर बोललेलो नाही. व्रण असलेला मूळ फोटो माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, तो केदारला द्यावा. तो भिंतीवर लावलाच पाहिजे अशी अट घालायची होती, पण घरात काय लावायचे ते कोर्ट सांगत नाही, असे विनीतदादांनी बजावले. तेव्हा अट नाही. इच्छा आहे.

कलम ३. साधने

कोपरीत मी आणि माझी सहकारी रसिका समेळ मिळून एका भाड्याच्या खोलीत काम करतो. तिथली माझी सर्व साधने रसिकाला द्यावीत: कपाळावर बांधायचे भिंग, डॉक्टरी सुऱ्या, बाबांचे ब्रश, सरसाची भांडी, कापूस गुंडाळायच्या बांबूच्या काड्या. निळ्या मुठीचा जाड ब्रश मात्र कोणत्याही चित्रावर वापरू नये. तो धूळ झाडायलासुद्धा कडक आहे. बाबांची आठवण म्हणून ठेवला आहे.

रसिका बाहेर राहून हे शिक्षण घेऊन आली. आमचे वाद होतात. ती म्हणते, "तुझं आपलं घराणं असतं, माझी नुसती डिग्री." तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे आणि ती माझ्याइतकी शंकेखोर नाही. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते.

भिंतीवर बाबांच्या अक्षरातला एक पुठ्ठा आहे. तोही तिने ठेवावा. त्यावर तीन नियम आहेत. आपण जे घालू ते पुढच्याला काढता आले पाहिजे. जवळून पाहणाऱ्याला आपले काम वेगळे कळले पाहिजे. काय केले ते चित्राच्या मागे लिहावे. हे नियम बाबांनी शोधलेले नाहीत, या धंद्यातले सगळेच मानतात. पण मला ते दहाव्या वर्षी पाढ्यांबरोबर पाठ करायला लावले होते.

कलम ४. लोकांची चित्रे

माझ्याकडे सध्या लोकांची तीन चित्रे आहेत. ती आहेत त्या अवस्थेत, काय झाले आणि काय राहिले याची चिठ्ठी जोडून, ज्याची त्याला परत करावीत.

त्यातले एक कल्याणच्या एका व्यापारी कुटुंबाचे आहे. त्यात खुर्च्यांवर तीन भाऊ बसलेले आहेत. डावीकडच्या भावाच्या मुलांशी यांचा जागेवरून दावा चालू आहे. चित्राची बुरशी काढून झाल्यावर मालक आले आणि म्हणाले, "आता तो डावीकडचा काका काढून टाका. तिथे पडदा दाखवा, नाहीतर कुंडी." मी नाही म्हटले. ते म्हणाले, "मॅडम, बुरशी काढलीत ना? मग हा काय वेगळा आहे?" मी उत्तर देऊ शकले असते, पण हसू आवरत नव्हते. चित्र काकांसहित परत करावे. रसिकाने कुंडीची गोष्ट मनावर घेऊ नये.

कलम ५. रंगूबाईंचे चित्र

हे चित्र माझ्या मालकीचे नाही. तरी या मृत्युपत्राचे खरे कारण तेच आहे.

कोपरी गावठाणात शेवंतीआजी राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील कै. गुणाजी मढवी मिठागर चालवत. एका बऱ्या वर्षी त्यांनी नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका चित्रकाराला घरी बोलावून आपल्या बायकोचे, रंगूबाईंचे, तैलचित्र काढून घेतले. हिरवे लुगडे, नाकात नथ, दोन्ही हात मांडीवर. पुढे थोड्याच दिवसांत रंगूबाई वारल्या. तेव्हा थोरली मुलगी शालन बारा वर्षांची होती आणि शेवंतीआजी पाच वर्षांच्या. रंगूबाईंचा फोटो कधी काढलेला नव्हता. आईचा चेहरा शालनआजींना आठवत होता. शेवंतीआजींना फक्त चित्रातला माहीत होता.

२००५ च्या पुरात खाडीचे पाणी त्यांच्या घरात शिरले. चित्र दोन दिवस चिखलात होते. शेवंतीआजींचा मुलगा नाथा ते बाबांकडे घेऊन आला. बाबांनी ते महिनाभर सावलीत वाळवले, उचकटलेला रंग सरसाने बसवला आणि मग स्वच्छ करायला घेतले. मी तेव्हा तेराव्या वर्षात होते. मला एक क्रमांकाच्या बाटलीतले पातळ द्रावण घेऊन मागची भिंत आणि लुगड्याचा काठ पुसायची परवानगी होती. दोन क्रमांकाची बाटली जोरकस. तिला आणि चेहऱ्याला फक्त बाबा हात लावत.

त्या शनिवारी बाबा शाळेत गेले होते. काठ पुसून झाला. चेहरा मला फार मळका दिसत होता. मी दोन क्रमांकाची बाटली उघडली. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी रंग आला. मला वाटले, मळ निघतो आहे. मी नवा बोळा घेतला, मग आणखी एक. जसजसा मळ निघत होता तसतशी बाई उजळत होती आणि मला फार आनंद होत होता. मी एकूण एकेचाळीस बोळे वापरले.

तो मळ नव्हता. रंगूबाई काळ्या होत्या. त्या चित्रकाराने आधी फिकट रंगात चेहरा बांधला होता आणि त्यावर पातळ तपकिरी थर देत देत त्यांचा खरा वर्ण आणला होता. नाक, डोळे, ओठ त्या वरच्या थरांमध्येच होते. मी ते सगळे पुसले. खाली फिकट लेप आणि कोळशाच्या थोड्या रेषा राहिल्या.

बाई काळी आहे म्हणजे मळलेली आहे, असे मला कोणी शिकवलेले नव्हते. आमच्या घरात ते शिकवावे लागत नव्हते.

बाबा आले, पाहिले आणि खुर्चीवर बसले. त्यांनी मला विचारले, "काय केलंस ते सांग." मी म्हटले, "मळ काढला. गोरी झाली बघा." त्यांनी मला मारले नाही. सगळे बोळे गोळा केले, मोजले, वाळवले, काचेच्या बाटलीत भरले आणि तिच्यावर तारीख लिहिली. मग म्हणाले, "तू काही केलेलं नाहीस. कोणी विचारलं तर चेहरा मी साफ केला." एवढेच. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला काड्या धुवायला बसवले.

पुढच्या महिन्याभरात त्यांनी तिथे नवा चेहरा रंगवला. तो माझ्या आईचा आहे. आईचा चेहरा आला तसा आईचा वर्णही आला. त्यांना तपकिरी मिसळता येत नव्हता असे नाही, बोळे समोर होते. याहून चांगले स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मग चेहरा गोरा आणि हात काळे दिसू लागले, म्हणून त्यांनी हातांवरही फिकट रंग चढवला. हातांना काहीही झालेले नव्हते. चेहरा ही माझी चूक होती. हात ही बाबांची, आणि ती त्यांनी जाणूनबुजून केली. चित्राच्या मागे त्यांनी काहीच लिहिले नाही. तीनपैकी एकच नियम पाळला: आपला रंग चढवण्याआधी खाली वॉर्निशचा थर दिला. म्हणजे त्यांचे काम काढता येते. २०१९ साली मी धूळ पुसायच्या निमित्ताने चित्र पाहून आले आणि कानाजवळ तो थर तपासला. आहे.

चित्र परत दिले तेव्हा शेवंतीआजींकडे पूजा होती. आम्ही तिघे गेलो होतो, केदारची परीक्षा होती. सगळ्यांना चित्र आवडले. "आजी किती गोरी होती गं," असे बायका म्हणत होत्या. घरी आल्यावर आईने चपला काढता काढता बाबांना विचारले, "त्या लोकांनी मला हार का घातलाय?" बाबा म्हणाले, "दुसरं कुठलं तोंड आठवेना." आईने पुन्हा विचारले नाही. ती आजही सांगते की जिवंतपणी हार घालून घेतलेली ठाण्यातली ती एकटीच बाई.

एका माणसाला मात्र चित्र पटले नाही. शालनआजी. त्या म्हणाल्या, "ही माजी आय नाय. माजी आय काली व्हती. ही कोन बामनीन आनून बसवली?" त्यांनी चित्राला फूल वाहायचे सोडले. जेवायला चित्राकडे पाठ करून बसू लागल्या. घरच्यांना वाटले, वयाने डोके फिरले. शेवटी शेवंतीआजी बहिणीला घेऊन आमच्या घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मास्तर, तुमीच सांगा हिला." बाबा म्हणाले, "रंग ताजा झालाय, डोळ्यांना सवय नाही, म्हणून तसं वाटतं." मी दारात उभी होते. शालनआजींनी माझ्याकडे पाहिले. मी आत गेले.

पुढे त्यांना डॉक्टरकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. २०१२ साली त्या वारल्या. तोपर्यंत सहा वर्षे रंगूबाईंचा चेहरा आठवणारे एक माणूस कोपरीत जिवंत होते. त्यांच्याशेजारी बसून त्या सांगतील तसे रेखाटून घेता आले असते. आम्ही खरे बोललो असतो तर.

आता रद्द केलेल्या मृत्युपत्राविषयी. त्यात मी ही सगळी हकीकत लिहून शेवंतीआजींच्या नावाने बंद पाकीट ठेवले होते आणि ते माझ्या मृत्यूनंतर द्यावे असे लिहिले होते. विनीतदादांनी कल्याणच्या कचेरीत ते कलम वाचले आणि चष्मा काढला.

"आणि तू मेली नाहीस तर?"

"तर मग नंतर बघू."

"म्हणजे मेलीस तर खरं, वाचलीस तर खोटं चालू. असं ना?"

"तसं नाही, दादा."

"मग कसं ते सांग, मी तसं लिहितो."

बाबांनी न विचारता वरून चेहरा रंगवला होता. मीही पाकिटात खरे झाकून तेच करत होते, फक्त माझ्या रंगाखाली वॉर्निशसुद्धा नव्हते. म्हणून रविवारी, २ नोव्हेंबरला, मी बोळ्यांची बाटली घेऊन कोपरीला गेले. आई म्हणाली, "माझं तोंड आहे, मी येणार."

शेवंतीआजींनी आम्हाला चित्राखालच्या बाकावर बसवले. मी क्रमाने सांगितले. मध्येच नाथाने एकदा चित्राकडे आणि एकदा आईकडे पाहिले आणि तो उठून उभा राहिला. "अरे, हीच हाय ही!" तो म्हणाला. "मायला, वीस वर्स हिचे पाया पडतू आमी?"

"मी सांगितलं नव्हतं पाया पडायला," आई म्हणाली.

"तुमी बामनं सगली सारखी."

"आम्ही ब्राह्मण नाही, कायस्थ."

मी आईचा हात दाबला. बाटली शेवंतीआजींच्या मांडीवर होती. त्यांनी विचारले, "शालनला कललं व्हतं?"

"हो. त्यांनीच एकट्यांनी ओळखलं होतं."

"आनि मी तिला येडी बोल्लू. तुजे बापासमोर बोल्लू. तवा तू कुठं व्हतीस?"

"दारात."

"केवरी व्हतीस?"

"तेरा वर्षांची."

"तेरा म्हंजे बोलायला येतं."

"हो. येतं."

नाथा म्हणाला, "केस टाकतू यांच्यावर. हिच्यावर नि हिच्या बापावर."

"बाप मेलाय तिचा. गप बस." मग त्या मला म्हणाल्या, "हात खरे हायेत ना तिचे? खाली हायेत ना? दाखव."

मी साधनांची पिशवी नेली होती. भिंतीवरून चित्र उतरवून खाटेवर ठेवले आणि उजव्या मनगटावर, नखाएवढ्या जागेत, बाबांचा रंग काढला. वीस मिनिटे लागली. खालून दाट तपकिरी रंग आला, आणि त्यावर हिरव्या बांगडीची कड. शेवंतीआजींनी आपले मनगट त्याच्या शेजारी धरले. दोन्ही रंग जवळजवळ एकच होते. त्यांनी बोट पुढे केले तेव्हा मी म्हटले, आजी, हात लावू नका, रंग अजून मऊ आहे. नियमाने ते बरोबर होते. नाथाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

"सगला काढ," शेवंतीआजी म्हणाल्या.

मी त्यांना सांगितले की हात पूर्ण मिळतील, चेहरा मिळणार नाही. कोळशाच्या रेषा मिळतील, किती ते काढल्याशिवाय कळणार नाही.

"ऱ्हायलं तेवरं ऱ्हायलं. पन काली कर. डोले काढू नको बनवून. रंग तेवरा घाल."

आईने चित्राकडे पाहिले. बाबांनी आयुष्यात तिचे एवढे एकच चित्र काढले होते. ती म्हणाली, "काढ बाई. हारांची ॲलर्जी झालीय मला."

कलम ६. चित्राचे काय करायचे

शस्त्रक्रियेपूर्वी हे काम पुरे होणे शक्य नाही. मी वाचले तर मी करीन. न वाचल्यास रसिकाने करावे, आणि शेवंतीआजींचे वय पाहता इतर सर्व कामांच्या आधी करावे. खर्च माझ्या बँकेतील बचतीतून व्हावा. उरेल ते आईचे.

आधी चित्र आहे तसे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. मग हात उघडावेत, मग चेहरा. शेवंतीआजी थांब म्हणतील तिथे थांबावे, अर्धवट वाटले तरी. निघालेला प्रत्येक बोळा वाळवून वेगळ्या बाटलीत भरावा आणि ती बाटली आईला द्यावी. आई ती घेणार नाही असे म्हणेल. तरी द्यावी.

चेहऱ्याच्या जागी नाक, डोळे, ओठ यांपैकी काहीही कल्पनेने काढू नये. वर्ण मात्र आपल्याला माहीत आहे. हात आहेत आणि एकेचाळीस बोळे आहेत. तो वर्ण बारीक उभ्या रेषांनी भरावा. लांबून चेहरा काळा दिसेल, जवळ गेल्यावर रेषा दिसतील आणि हे नंतर केलेले आहे हे कळेल. रसिकाचे मत असे आहे की रंगही घालू नये, रिकामी जागा रिकामीच राहावी. काल ती म्हणाली, "आज रंग, उद्या डोळे मागतील. कुठे थांबायचं?" तिची भीती खोटी नाही. तिने आपला विरोध नोंदवहीत लिहावा आणि काम शेवंतीआजींच्या इच्छेप्रमाणे करावे. चूक होत असेल तर ती या वेळी विचारून केलेली असेल, आणि काढता येईल.

एकेचाळीस बोळ्यांची बाटली मी कोणाला देत नाही, कारण ती माझी नव्हती. ती रविवारीच शेवंतीआजींच्या घरी राहिली. रंग जुळवायला त्यांनी एक बोळा काढून दिला आहे, तो काम झाल्यावर परत करावा. बाटलीचे पुढे काय करायचे ते त्या ठरवतील. नाथाच्या मते खाडीत सोडावी. शेवंतीआजी म्हणाल्या, "तुला कोन विचारतंय?"

चित्राच्या मागे संपूर्ण हकीकत लिहायचा मजकूर मी तयार केला होता. तो मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मागं कोन बगतंय? भित बगनार का? फुडं लिव." म्हणून चौकटीच्या खाली, समोरून वाचता येईल अशी पितळी पट्टी लावावी. तिच्यावरचा मजकूर त्यांनी सांगितला आणि मी फक्त शुद्ध केला: "रंगूबाई गुणाजी मढवी. रंगाने काळ्या होत्या. चेहरा पुसला गेला. शालन खरे बोलत होती." पुसणाऱ्याचे नाव घालावे असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, आयचे चित्रावर तुजे नाव कनाला? म्हणून ते नाव इथे घालते. ऋजुता सुधीर टिपणीस.

कलम ७. इतर

माझे डोळे दान करावेत, फॉर्म भरलेला आहे. माझा जो फोटो लागेल तो आधारकार्डावरचा असला तरी चालेल, पण त्यात काही सुधारू नये. पहिल्या वर्षी केदारने श्राद्ध केले तर करावे, नाही केले तर त्याला कोणी बोलू नये. माझा त्याच्यावर एवढाही राग नाही. थोडा आहे.

या मृत्युपत्रात नंतर काही बदल केल्यास तो वेगळ्या शाईत, तारखेसह करीन, म्हणजे कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे ते कळेल.

साक्षीदार म्हणून शेवंतीआजींनी स्वतः सही करायचे ठरवले. विनीतदादांनी दोन हरकती घेतल्या. एक, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मी म्हटले, त्यांना माझ्याकडून काहीच मिळत नाही, जे आहे ते त्यांचेच आहे. दुसरी, कोर्टात बोलवायची वेळ आली तर तरुण साक्षीदार बरा. शेवंतीआजी म्हणाल्या, "ही बत्तिसाची, हिचा नेम नाय. मी चौऱ्याऐंशीची बसलीय ना धडधाकट?" दोन्ही हरकती मागे घेण्यात आल्या.

हे सर्व मी कोपरीच्या घरात बसून मोठ्याने वाचून दाखवले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: कोपरी, ठाणे पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) ऋजुता सुधीर टिपणीस

साक्षीदार:

१. (सही) विनीत गुप्ते, वकील, कल्याण

२. (सही) शेवंती भोईर, माहेरची मढवी, कोपरी
सगला आयकला. माफ केला असा यात कुठं लिवला आसल तर खोडावा.

वरील ओळ साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिली आहे. साक्षीदाराने सहीपलीकडे काही लिहायचे नसते, असे विनीतदादांचे म्हणणे आहे. ती तशीच ठेवली आहे. मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून पाहिले. तसे कुठेही लिहिलेले नाही.

(सही) ऋ. सु. टिपणीस